चाकांची बॅग घेताय? आधी ती उलटी करा

बॅग समोर आली की आपण रंग बघतो, चेन उघडून आत डोकावतो, एखादा कप्पा चाचपतो आणि शेवटी गुळगुळीत फरशीवर चार पावलं ढकलून म्हणतो, "छान चालते." रिकामी बॅग, चकचकीत फरशी आणि चार पावलं असली की कुठलीही बॅग छान चालते. तिला पुढे वीस किलो ओझं घेऊन खडबडीत फरसबंदीवरून जायचंय, जिन्याच्या पायऱ्या उतरायच्यात आणि विमानतळाच्या पट्ट्यावरून दुसऱ्या बॅगांच्या अंगावर पडायचंय. त्यातलं काहीच आपण तिथे बघत नाही.

मी आजवर चार बॅगा निकालात काढल्या. पहिलीचं चाक गेलं, दुसरीचं हँडल अर्ध्यावर अडकलं ते अडकलंच, तिसरीची चेन परतीच्या आदल्या रात्री फाटली आणि चौथीचं पुन्हा चाक. चौघींची कवचं मात्र धडधाकट होती, ओरखडे सोडले तर. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. बॅग फुटते कमी, सांध्यांमध्ये मोडते जास्त. चाक जिथे अंगाला जोडलंय, हँडल जिथे आत शिरतं, चेन जिथे वळण घेते, तिथे. हे सांधे दिसतात बॅगेच्या तळाशी आणि अस्तराच्या मागे, म्हणजे जिथे सहसा कुणी बघत नाही तिथे. पहिल्यांदाच बॅग घेणाऱ्याने काय, कुठल्या क्रमाने तपासावं ते पुढे सांगतो.

पहिली पायरी: बॅग कुठून चालणार ते ठरवा

दुकानात पाऊल टाकण्याआधी गेल्या दोन-तीन प्रवासांत बॅग प्रत्यक्ष कुठून कुठून ओढली ते आठवा. घरापासून गाडीपर्यंत, गाडीतून विमानतळ, तिथून हॉटेल, एवढंच असेल तर तुमची वाट बहुतेक गुळगुळीत आहे. पण रेल्वेचे फलाट, उखडलेले पदपथ, दगडी रस्ते, लिफ्ट नसलेल्या इमारती असं काही रोजचं असेल तर बॅगेची निवडच बदलते. वर्षातून एकदा फिरणाऱ्याने आणि दर आठवड्याला कामासाठी निघणाऱ्याने एकच बॅग घ्यायची गरज नाही. पहिल्याने टिकाऊपणासाठी वजन वाढवलं तर ते उगाच, आणि दुसऱ्याने तिथे काटकसर केली तर वर्षभरात पुन्हा खरेदी ठरलेली.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: ही बॅग भरल्यावर मला एकट्याला उचलता येईल का? चाकं कितीही चांगली असली तरी जिना, बसची डिकी आणि रेल्वेतली वरची फळी येतेच. तिथे चाकांचा उपयोग शून्य.

दुसरी पायरी: माप आणि रिकामं वजन

विमानात सोबत न्यायच्या बॅगेसाठी आयाटा ही विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना ५६ × ४५ × २५ सेंटिमीटर हे कमाल माप सुचवते. हे फक्त मार्गदर्शक आहे. प्रत्यक्षात नियम त्या त्या कंपनीचा चालतो आणि बऱ्याच ठिकाणी तो ५५ × ४० × २३ किंवा त्याहून आखूड, ५५ × ४० × २० असा असतो. त्यामुळे बॅगेवर 'केबिन' अशी चिठ्ठी आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. तुम्ही ज्या कंपन्यांनी जास्त जाता त्यांतलं सगळ्यात कडक माप धरा. माप घेताना चाकं, बाजूचं हँडल आणि बाहेरचे कप्पे धरून घ्या. उत्पादक कधी कधी फक्त धडाचं माप छापतात आणि मापाच्या चौकटीत बॅग घालायची वेळ आली की तेच चार सेंटिमीटर महागात पडतात.

विमानाच्या पोटात जाणाऱ्या, म्हणजे काउंटरवर सोपवायच्या बॅगेसाठी लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटरपर्यंत, ही मर्यादा सर्वत्र दिसते. वजन बहुतेक ठिकाणी २३ किलो असतं, आणि पैसे मोजूनही एका नगाला ३२ किलोच्या वर सहसा जाता येत नाही, कारण ती बॅग शेवटी कुणीतरी माणूस पाठ वाकवून उचलणार असतो.

आता रिकामं वजन. मोठी बॅग साडेतीन किलोचीही असते आणि साडेपाचचीही. २३ पैकी साडेपाच किलो बॅगच खाणार असेल तर ते नाकापेक्षा मोती जड. सोबतच्या बॅगेत तर हे आणखी बोचतं. जिथे एकूण ७ किलोचीच मुभा असते तिथे साडेतीन किलोची बॅग म्हणजे अर्धा हिशेब संपला. पण याची दुसरी बाजूही आहे. फार हलकी बॅग हलकी का झाली, हे शोधलंच पाहिजे. कवच चांगल्या प्लास्टिकचं असून वजन कमी असेल तर उत्तम. हँडलच्या नळ्या पातळ करून आणि चाकं ज्या प्लास्टिकच्या घरात बसतात तो साचा पोकळ करून ते कमी केलं असेल तर तो हलकेपणा दुसऱ्या-तिसऱ्या प्रवासातच तुटतो.

तिसरी पायरी: दोन चाकं की चार?

यावर लोक तावातावाने भांडतात. माझं मत मी लपवत नाही: रस्ता खराब असेल तर दोन, गुळगुळीत असेल तर चार.

१९७२ साली अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या सूटकेसचं पेटंट मिळालं, तेव्हा ती आडवी होती. तळाला छोटी चाकं आणि पुढे पट्टा, कुत्र्याला फिरवायला न्यावं तशी ओढायची. १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने बॅग उभी केली, एका कडेला दोन चाकं बसवली आणि आत-बाहेर सरकणारं हँडल दिलं. ज्याला महिन्यातले कित्येक दिवस विमानतळावरून विमानतळावर जायचंय अशा माणसाने स्वतःसाठी केलेली ती रचना होती, आणि दणकटपणात ती आजही कमी पडलेली नाही.

कारण साधं आहे. दोन चाकांच्या बॅगेत चाक एकाच आसावर फिरतं आणि निम्मं बॅगेच्या अंगात बुडालेलं असतं. चारचाकीत प्रत्येक चाक आपल्या आसावर फिरतं, शिवाय त्याचा साचा उभ्या खिळीवर गरगर वळतो. म्हणजे दोनचाकीत हलत्या जागा दोन, चारचाकीत आठ. जोडचाकांची बॅग असेल, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात दोन-दोन, तर आठ चाकं आणि चार खिळ्या मिळून बारा. त्यात ही चाकं तळाखाली उघडी लोंबतात, पट्ट्यावरून घसरताना पहिला मार तीच खातात.

खड्ड्यांचंही गणित आहे. सरळ ढकलून चाक आपल्या त्रिज्येएवढी पायरी चढू शकत नाही. पाच सेंटिमीटर व्यासाचं चाक अडीच सेंटिमीटरच्या कडेपाशी ठप्प होतं, आणि त्याआधीच्या दीड सेंटिमीटरलाही कुरकुरतं. दोनचाकी बॅग आपण तिरकी करून ओढतो, त्यामुळे ओढ थोडी वरच्या दिशेने लागते आणि चाक कड चढून जातं. चारचाकी आपण वरून ढकलतो, म्हणजे तिला खड्ड्यात आणखी दाबतो.

तरीही चारचाकीला नावं ठेवून भागत नाही. लांबलचक विमानतळावर ती शेजारी शेजारी चालते, मनगटावर ओझं येत नाही, अरुंद जागेतून आडवी नेता येते. खांदा किंवा पाठ दुखणाऱ्याने बेलाशक चारचाकीच घ्यावी. फक्त उतारावर आणि चालत्या गाडीत तिला धरून ठेवायची सवय लावून घ्या, नाहीतर ती स्वतःच प्रवासाला निघते.

जाता जाता एक गंमत. दोनचाकी बॅग वेगात ओढताना कधी कधी डावी-उजवीकडे झुलायला लागते आणि आपण घाबरून वेग कमी करतो. पॅरिसमधल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये यावर रीतसर शोधनिबंध लिहिला. त्यांच्या मते अशा वेळी वेग कमी करण्यापेक्षा वाढवलेला बरा, किंवा हँडल खाली झुकवून बॅग जमिनीच्या जवळ आणावी. मी दुसरा उपाय करून बघितलाय, झुलणं थांबतं. पहिल्याची हिंमत अजून झालेली नाही.

चौथी पायरी: आता बॅग उलटी करा

विक्रेता चमकून बघेल, बघू दे. बॅग आडवी पाडा आणि चाकांकडे डोळे नेऊन बसा. इथे घाई करू नका.

आधी साचा बघा. चाक ज्या प्लास्टिकच्या घरात बसलंय ते घर अंगाला कसं जोडलंय? स्क्रू दिसले तर आनंद माना, कारण स्क्रू काढता येतो. रिव्हेट असेल तर जोड मजबूत असू शकतो, पण चाक बदलायची वेळ आली की ड्रिल लागतं. नुसतं चिकटवलेलं किंवा खाचेत दाबून बसवलेलं असेल तर बॅग परत ठेवा. बाहेरून स्क्रू दिसत नसतील तर लगेच नाराज होऊ नका. बॅग उघडा, खालच्या कोपऱ्यात अस्तराला छोटी चेन आहे का बघा. ज्या बॅगेत अस्तर उघडून स्क्रूपर्यंत हात पोचतो, ती बनवणाऱ्याने दुरुस्तीचा विचार केलेला असतो. टिकाऊ बॅगेची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

मग चाक. नखाने दाबा. कठीण, टणक प्लास्टिकचं चाक खडखडाट करतं आणि प्रत्येक धक्का थेट साच्यात पोचवतं. पॉलियुरेथेन या लवचिक प्लास्टिकचा किंवा रबरासारखा थर असलेलं चाक जरा दबतं, आवाज कमी करतं, आणि त्यामुळे आसावरचा मारही कमी होतो. बोटाने फिरवा. चांगल्या बेअरिंगचं चाक सोडल्यावरही काही वेळ शांतपणे फिरत राहतं. खरखर करत लगेच थांबलं तर आत बेअरिंग नाही किंवा वाईट आहे. चाक बाजूला हलवून बघा. किंचित हलणं ठीक, डुगडुगणं नाही. चारचाकीत उभी खिळी धातूची आहे का तेही बघा.

चाकाचा व्यास मोठा तेवढा बरा. बरेच जण याकडे लक्ष देत नाहीत, कारण मोठं चाक म्हणजे आतली जागा कमी. द्या ती जागा.

तळाचे कोपरे, आणि दोनचाकी असेल तर ती उभी राहते ते पुढचे पाय हेही बघून घ्या. जिन्यावरून उतरवताना पायरीची कड नेमकी चाकांच्या वरच्या पाठीला घासते. तिथे जाड प्लास्टिकच्या पट्ट्या असतील तर कापड किंवा कवच वाचतं.

पाचवी पायरी: हँडल

हँडल पूर्ण बाहेर काढा आणि डावी-उजवीकडे हलवा. थोडी ढिलाई प्रत्येक सरकत्या हँडलला असते आणि असावीही लागते. घट्ट बसवलेली नळी आत धूळ शिरली की अडकते. पण हातात खटखट जाणवली, किंवा एक नळी दुसरीच्या आधी खाली जाऊ लागली, तर ते हँडल जेमतेम वर्षभराचं सोबती.

नळ्या ॲल्युमिनियमच्या असाव्यात आणि त्यांची भिंत जाड असावी. किती टप्प्यांत हँडल उघडतं तेही मोजा. टप्पे जास्त म्हणजे जोड जास्त. मधल्या उंचीवर थांबणारं हँडल उंच-बुटक्या दोघांच्या सोयीचं, तरी आपल्या उंचीला एकदा चालून बघावंच. दोनचाकी बॅग ओढताना टाचेला लागत असेल तर हँडल तुमच्यासाठी आखूड आहे. बटण वीस वेळा दाबून हँडल आत-बाहेर करा. कंटाळवाणं वाटतं, पण पंधराव्या खेपेला अडकणारी बॅग मी स्वतः दुकानात परत ठेवलेली आहे.

काही बॅगांमध्ये हँडलच्या नळ्या पाठीबाहेरून जातात. आतला तळ त्यामुळे सपाट मिळतो, कपडे नीट बसतात. पण नळ्यांना मार लागायची शक्यता वाढते, आणि एक नळी वाकली की हँडल संपलं. मी आतल्या नळ्यांच्या बाजूने आहे. दोन उंचवट्यांमध्ये मोजे भरता येतात.

उचलायची हँडलं, वरचं आणि बाजूचं, ही वेगळी गोष्ट. ती नुसती शिवलेली आहेत की आत पट्टी देऊन स्क्रूने आवळलेली आहेत? धरून जोरात झटका द्या. काही बॅगांना तळाशीही खोबण असते. डिकीत टाकताना तिची किंमत कळते.

सहावी पायरी: कवच कशाचं?

कठीण कवचाच्या बॅगांमध्ये तीन प्लास्टिकं जास्त भेटतात, आणि तिन्ही आपल्याला वेगळ्या रूपात माहीत आहेत. एबीएस म्हणजे लेगोचे ठोकळे ज्याचे बनतात ते. ताठ, चकचकीत, स्वस्तात बनणारं. पण पातळ पत्र्यात जोराचा मार बसला की ते वाकण्याऐवजी तडकतं. पॉलिकार्बोनेट गोळीरोधक काचेच्या थरांत आणि दंगलीतल्या पोलिसांच्या पारदर्शक ढालींत असतं. ते दबतं आणि परत वर येतं. त्याला ओरखडे मात्र लवकर पडतात, म्हणून चकचकीतऐवजी खरखरीत पोत घ्या. तिसरं पॉलिप्रॉपिलीन. शाम्पूच्या बाटलीचं टोपण आणि त्याची पातळ बिजागरी एकाच तुकड्यात असते, हजारदा उघडूनही तुटत नाही, ते हेच. हलकं, लवचिक, आणि दिसायला जरा साधं.

चिठ्ठीवर पॉलिकार्बोनेट असं मोठ्या अक्षरात असेल तर पुढची बारीक अक्षरंही वाचा. बऱ्याचदा ते एबीएसमध्ये मिसळलेलं किंवा त्याच्यावर नुसता थर दिलेलं असतं. मिश्रण वाईटच असं नाही, पण शुद्धाच्या भावात ते घेऊ नये.

हाताने करायची तपासणी अशी: बॅग बंद करून मधोमध तळहाताने दाबा. दबून लगेच मूळ आकारात आली तर चांगलं. मग कोपरे दाबा, ही गोष्ट फारसं कुणी करत नाही. अशी बरीच कवचं प्लास्टिकचा पत्रा तापवून साच्यावर ओढून करतात, आणि ओढताना तो सगळ्यात जास्त ताणला जातो तो कोपऱ्यांत. म्हणजे मार जिथे सर्वाधिक बसणार तिथेच पत्रा सगळ्यात पातळ. कोपरा अंगठ्याने सहज आत जात असेल तर विचार करा. कवचावरच्या उभ्या पन्हाळ्या निव्वळ शोभेच्या नसतात. पन्हाळी पडली की तोच पत्रा वाकायला जास्त जोर लागतो.

ॲल्युमिनियमची बॅग देखणी असते, चेन नसते, कड्यांनी बंद होते. जड असते, आणि तिला पोचा पडला की तो राहतो. काहींना तो पोचा मिरवायला आवडतो. माझ्या पाठीला वजन आवडत नाही.

कापडी बॅग आता जुनाट समजली जाते, हे मला पटत नाही. तिला बाहेर कप्पे असतात, ती थोडी दबून अरुंद जागेत बसते, झाकण एका बाजूने उघडतं म्हणून छोट्या खोलीतही पसरावी लागत नाही. कवचाची बॅग पुस्तकासारखी दोन्हीकडे उघडते आणि पलंग अडवते. शिवाय कापड फाटलं तर शिवता येतं, तडकलेलं कवच शिवता येत नाही. उलट कवचाची बॅग पावसात आतलं कोरडं ठेवते, पुसली की स्वच्छ होते आणि आतल्या नाजूक वस्तूंना आधार देते.

कापडावर 'डेनिअर' असा आकडा लिहिलेला असतो. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. १,६८० डेनिअर म्हणजे नऊ किलोमीटर धागा १,६८० ग्रॅमचा. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, एवढंच. वीण विरळ असेल तर जाड धाग्याचंही कापड झिजतं. घासण्याला नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा चांगलं तोंड देतं, त्यामुळे ३०० डेनिअरचं पॉलिएस्टर आणि हजाराच्या वरचं घट्ट विणीचं नायलॉन यांची तुलनाच नको. 'बॅलिस्टिक नायलॉन' हे नाव दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या संरक्षक जाकिटांवरून आलंय. आजच्या बॅगेने गोळी अडत नाही, पण विमानतळाच्या पट्ट्यावरच्या पत्र्याची धार अडते.

सातवी पायरी: चेन

बॅगेची चेन गेली की बॅग गेली. चाक तुटलेली बॅग उचलून तरी नेता येते, तोंड उघडं पडलेली नाही.

चेनच्या रनरच्या मागे बहुधा ५, ८, १० असा आकडा कोरलेला असतो. तो बंद दातांची अंदाजे मिलिमीटरमधली रुंदी सांगतो. मुख्य चेन ८ किंवा १० ची हवी. ५ ची बाहेरच्या कप्प्याला चालेल. 'वायकेके' ही अक्षरं दिसली तर ती १९३४ साली स्थापन झालेली जपानी कंपनी. चांगली चेन तीच एक बनवते असं नाही, पण ज्याने चेनवर पैसे वाचवले नाहीत त्याने इतरत्रही कमी वाचवले असण्याची शक्यता असते.

रनर एका हाताने कोपऱ्यातून फिरवा. वळणावर अडखळला तर भरल्या बॅगेत तिथेच दात निसटणार. चेन अंगाला दुहेरी शिवणीने जोडलेली आहे का ते आतून बघा.

आणि एक कटू सत्य. बारीक सर्पिल दातांची साधी चेन बॉलपेनच्या टोकाने मधोमध उघडता येते, आणि कुलूप लावलेले रनर तिच्यावरून फिरवले की पुन्हा बंदही होते. म्हणजे कुलूप शाबूत आणि आतली वस्तू गायब. यावर दुहेरी सर्पिल चेन किंवा कड्यांची चौकट असलेली बॅग हे उपाय आहेत. सगळ्यात सोपा म्हणजे मौल्यवान काही त्यात ठेवायचंच नाही.

कुलूप आणि बॅटरी, थोडक्यात

लाल हिरकणीची खूण असलेलं टीएसए कुलूप (टीएसए म्हणजे अमेरिकेची प्रवास-सुरक्षा यंत्रणा) अमेरिकेतल्या सुरक्षा तपासणीत मास्टर किल्लीने उघडलं जातं, म्हणजे तोडलं जात नाही. तेवढाच त्याचा फायदा. त्या मास्टर किल्ल्यांचे फोटो २०१४ मध्ये वर्तमानपत्रात छापून आले आणि पुढच्याच वर्षी त्यांवरून थ्रीडी प्रिंटरने किल्ल्या बनल्या, त्यामुळे तिजोरीसारखा भरवसा नको.

फोन चार्ज करणारी, स्वतःचा पत्ता सांगणारी 'स्मार्ट' बॅग घेत असाल तर बॅटरी हाताने काढता येते का एवढंच विचारा. येत नसेल तर घेऊ नका. २०१८ पासून मोठ्या विमान कंपन्या अशा बॅगा नाकारतात. काढलेली बॅटरी आणि पॉवर बँक हे दोन्ही नेहमी सोबतच्या सामानात, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत कधीच नाही.

आठवी पायरी: ओझं घालून चालवा

दुकानात रिकामी बॅग ढकलून काही कळत नाही हे सुरुवातीला म्हटलंच. तुमचीच एखादी जड पिशवी आत ठेवा, किंवा विक्रेत्याला काहीतरी जड मागा. दहा-बारा किलो भरले की बॅग बोलू लागते. सरळ रेषेत चालते की एका बाजूला ओढते? खरखरीत पायपुसण्यावरून नेली तर अडते का? दाराचा उंबरठा ओलांडते का? हात सोडल्यावर उभी राहते की पाठीवर पडते? बाहेरचा कप्पा भरल्यावर पुढे कलंडणाऱ्या कापडी बॅगा खूप आहेत.

विस्ताराची चेन, म्हणजे उघडली की बॅग पाच सेंटिमीटर फुगते ती, मला संशयास्पद वाटते. ती उघडली की माप नियमाबाहेर जातं, तोल बिघडतो आणि मुख्य चेनवर ताण वाढतो. परतीच्या प्रवासात मोह होतो, हे मान्य.

घरी मागवत असाल तर तळाचा फोटो शोधा. ज्या विक्रेत्याने बॅगेचे दहा फोटो दिलेत आणि तळाचा एकही नाही, त्याला काय दाखवायचं नाही ते कळतं. परीक्षणांमध्ये कालच घेतलेल्यांची वाहवा सोडून द्या, वर्षभर वापरल्याचं लिहिणारे वाचा. बॅग आली की परतीची मुदत संपायच्या आत पुस्तकांनी भरून घरातल्या स्वच्छ फरशीवर फिरवा. चिठ्ठ्या फाडू नका.

नववी पायरी: वॉरंटीची बारीक अक्षरं

'दहा वर्षांची वॉरंटी' वाचून भारावू नका. काय वगळलंय ते वाचा. बहुतेक ठिकाणी झीज आणि वाहतूकदाराने केलेलं नुकसान वगळलेलं असतं, आणि बॅगेचं नुकसान दुसरं करतं तरी कोण? विमान कंपनीने केलेलं नुकसानही भरून देणारे उत्पादक थोडे आहेत, पण आहेत. चाकं आणि हँडल सुटे मिळतात का, हा प्रश्न मला वॉरंटीच्या वर्षांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. मिळत असतील तर बॅग घेतानाच मॉडेलचा क्रमांक कुठेतरी लिहून ठेवा. अस्तराच्या आतली ती चिठ्ठी पाच वर्षांनी कोरी झालेली असते.

घेतल्यानंतर

सरकत्या हँडलला धरून भरलेली बॅग जिन्यावरून कधीच उचलू नका. ते ओढण्यासाठी आहे. माझ्या दुसऱ्या बॅगेचा घात मीच असा केला. जड वस्तू चाकांच्या बाजूला भरा. बॅग सोपवण्याआधी हँडल पूर्ण आत दाबा, लोंबणारे बंद काढून टाका, कारण विमानतळाच्या पट्ट्यावर काहीतरी अडकतं ते बहुधा याच दोन जागी.

चाकांच्या आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळले जातात, ते चिमट्याने काढा. तेल घालू नका, त्यावर धूळ बसून लगदा होतो. सिलिकॉनचा फवारा चालतो. चेन जड झाली तर दातांवर मेणबत्ती घासा. रनर पुढे सरकूनही दात उघडेच राहत असतील तर पक्कड घेऊन रनरच्या दोन्ही मागच्या कडा अगदी हलक्या दाबा. बऱ्याचदा चेन वाचते.

बॅग न वापरताही खराब होते, हे नवख्यांना माहीत नसतं. पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणाने वर्षानुवर्षं विघटित होत जातं. चाकांचा थर भुरभुरीत होतो, अस्तरावरचा लेप चिकट होऊन सोलतो. माळ्यावरून पाच वर्षांनी काढलेली बॅग आधी नखाने तपासा. चाकाचा तुकडा हातात आला तर तो घरी आलेला बरा.

शेवटी विमानतळ. बॅग पट्ट्यावरून उचलली की तिथेच तपासा, मोडली असेल तर बाहेर पडण्याआधी सामानाच्या खिडकीवर नोंद करून तिची प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असलेल्या १९९९ च्या माँट्रिअल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत करावी लागते. बॅगेच्या मूळ दोषामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी मात्र कंपनीवर येत नाही, आणि वाद नेमका इथेच घातला जातो: चाक आधीच मोडकं होतं, असं सांगितलं जातं. यासाठी बॅग सोपवण्याआधी मी फोनवर एक फोटो काढून ठेवतो. रांगेतले लोक जरा विचित्र बघतात, कारण बॅग उभी ठेवून काढलेल्या फोटोत चाकं दिसत नाहीत, ती आडवी पाडूनच काढावा लागतो.